वारस नसलेलं पद

पहिल्या पोपना सासू होती. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात ती तापाने फणफणून पडलेली आहे. येशू तिचा हात धरून तिला उठवतो आणि ती लगेच पाहुण्यांच्या सरबराईला लागते. म्हणजे ज्या सीमोन पेत्राला कॅथलिक परंपरा रोमचा पहिला बिशप मानते, तो चांगला संसारी माणूस होता. पौलाच्या पत्रावरून असंही दिसतं की पुढे प्रेषित म्हणून फिरतानाही पेत्राची बायको त्याच्याबरोबर असे. तिमथ्याला लिहिलेल्या पत्रात बिशपसाठी अट आहे ती एकच बायको असण्याची; अजिबात नसण्याची नव्हे. आणि तरीही आज वसईच्या एखाद्या तरुणाला लॅटिन परंपरेचा धर्मगुरू व्हायचं असेल, तर त्याला डीकनपदाच्या दीक्षेआधी जन्मभर अविवाहित राहण्याची जबाबदारी सर्वांसमक्ष पत्करावी लागते.

हा नियम श्रद्धेचा सिद्धांत नाही, शिस्तीचा भाग आहे. हे चर्चचे टीकाकार म्हणतात असं नाही, चर्च स्वतःच म्हणतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मगुरूंविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं की ब्रह्मचर्य ही याजकपणाच्या स्वरूपातूनच येणारी अट नाही, मात्र ते अनेक अंगांनी त्याला शोभून दिसतं. युक्रेनमधले ग्रीक कॅथलिक किंवा लेबनॉनमधले मॅरोनाइट रोमच्या पोपनाच मानतात, आणि त्यांच्यात लग्न झालेल्या पुरुषाला दीक्षा मिळते. बिशप मात्र अविवाहितांतूनच निवडतात आणि दीक्षेनंतर लग्नाला तिथेही मनाई आहे. थोडक्यात, ‘पाद्री म्हणजे ब्रह्मचारीच’ हे समीकरण कॅथलिक जगातसुद्धा सगळीकडे लागू नाही.

मी स्वतः या ब्रह्मचर्याला मोलाचं मानणारा आहे. पण त्याची बाजू मांडताना जे नेहमी ऐकवलं जातं, त्यातलं बरंचसं मला टिकाऊ वाटत नाही.

पहिला युक्तिवाद वेळेचा. बायकापोरं नसली की माणूस लोकांसाठी मोकळा राहतो, असं म्हणतात. खुद्द पौलानेही हे सुचवलं आहे, तेव्हा त्याला उडवून लावता येत नाही. पण दोन-तीन लेकरांचा बाप असलेला ग्रीक कॅथलिक किंवा ऑर्थोडॉक्स धर्मगुरूही रात्री-अपरात्री मरणाऱ्याच्या उशाशी जाऊन बसतोच. उलट, ब्रह्मचारी असूनही दुपारची झोप मोडलेली न खपणारे फादर आपल्यापैकी कुणी पाहिलेच नाहीत, असंही नाही. मोकळा वेळ मिळाला की तो लोकांकडेच जाईल याची हमी कोण देणार?

दुसरा युक्तिवाद पावित्र्याचा. सर्वांत जुना तोच. स्पेनमधल्या एल्व्हिराच्या धर्मसभेने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला विवाहित धर्मगुरूंना पत्नीपासून दूर राहायला सांगितलं. ज्या हाताने वेदीवर अर्पण करायचं त्या हाताला शरीरसंबंधाचा विटाळ नको, ही अशा नियमांमागची धारणा. मराठी माणसाला हे फोड करून सांगायला नको. सोवळ्याओवळ्याचं तर्कशास्त्र आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळलं आहे. त्यात बाई ही विटाळाची जागा ठरते, आणि जे चर्च विवाहाला सात संस्कारांत बसवतं तेच त्याला अर्पणाच्या आड येणारी गोष्ट ठरवतं. हा युक्तिवाद आता जाहीरपणे फारसं कुणी करत नाही. मनातून गेला आहे की नाही, सांगता येत नाही.

तिसरा अधिक भारदस्त आहे. देवाच्या राज्यात लग्न नाही. तेव्हा ब्रह्मचारी माणूस त्या येणाऱ्या राज्याची खूण म्हणून आजच तसा जगून दाखवतो. याबद्दल मला आदर आहे. पण ही खूण मठातला संन्यासी दाखवतो, मदर तेरेसांच्या संस्थेतली सिस्टरही दाखवते, आणि त्यासाठी तिला कुणी याजकपदाची दीक्षा दिलेली नसते. गावच्या चर्चमधल्या धर्मगुरूकडूनच, म्हणजे ज्याला बाप्तिस्मे, लग्नं, शाळेचं बांधकाम आणि कबरस्तानाच्या भिंतीचे वाद सांभाळायचे आहेत त्याच्याकडूनच ही खूण सक्तीने का मागायची, याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

आता टीकाकारांचा लाडका मुद्दा घेऊ. ते म्हणतात, हा सगळा मालमत्तेचा खेळ होता. धर्मगुरूंना मुलं झाली की चर्चच्या जमिनी त्या मुलांच्या नावावर जात, म्हणून रोमने लग्नच बंद करून टाकलं. हे अर्धसत्य आहे, पण अर्धं का होईना, सत्य आहे. आणि त्याचा इतिहास काही गोड नाही. १०२२ साली पाव्हिया इथे पोप आठवे बेनेडिक्ट आणि सम्राट दुसरे हेन्री यांच्या उपस्थितीत असं ठरलं की धर्मगुरूंची मुलं चर्चची भूदास समजली जावीत. १०८९ च्या मेल्फीच्या सभेने सरदारांना धर्मगुरूंच्या बायका दासी म्हणून ताब्यात घेण्याची मुभा दिली. सातव्या ग्रेगरींनी १०७४ पासून नियम कडक केले, तेव्हा ठिकठिकाणी धर्मगुरूच बंडाला उठले. त्याच सुमारास रूआँच्या आर्चबिशपवर तर दगडफेक झाली. शेवटी ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने दीक्षितांचं लग्न हे लग्नच नव्हे असं ठरवलं, आणि कालपर्यंत जी गावच्या धर्मगुरूची बायको होती, ती एका फटक्यात रखेल ठरली. त्या बायकांचं पुढे काय झालं याची बखर कुणी लिहिली नाही. ब्रह्मचर्याचे गोडवे गाणाऱ्याने हे पान वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पण टीकाकार इथे थांबतात आणि मला वाटतं, खरा मुद्दा इथेच सुरू होतो. चर्चची जमीन धर्मगुरूच्या पोराकडे जाऊ नये, हा हेतू इतका हलका का मानायचा? जमीन बाजूला ठेवली तरी पद उरतंच. धर्माचं पद बापाकडून मुलाकडे जाऊ लागलं की काय होतं, हे युरोपला पुस्तकात वाचावं लागतं. आपण ते देवळाच्या पायरीवर पाहिलं आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाची सेवा आणि तिच्यासोबत येणारं उत्पन्न बडवे आणि उत्पात या घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आलं. ते वंशपरंपरागत हक्क रद्द करणारा कायदा राज्याने १९७३ साली केला आणि त्यावरच्या कोर्टकज्ज्यांचा शेवट सर्वोच्च न्यायालयात २०१४ च्या जानेवारीत झाला. चाळीस वर्षं! त्या घराण्यांतली माणसं वाईट होती असं मला म्हणायचं नाही. आपल्या मुलाला आपलं ते मिळावं असं वाटणारा बाप कुठे वाईट असतो? पण देवाच्या दारातला हक्क एकदा घरचा झाला, की तो सोडवून घ्यायला अख्खी पिढी खर्ची पडते.

कुणी म्हणेल, हा हिंदू देवस्थानांचा प्रश्न झाला, ख्रिस्ती धर्मगुरूंनी लग्न केलं म्हणून तसं होईलच कशावरून? तर झारशाहीतला रशिया पाहावा. तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गावचा धर्मगुरू विवाहित. हळूहळू धर्मगुरूंचा एक बंदिस्त वर्गच तयार झाला. धर्मगुरूच्या मुलाने सेमिनरीत जायचं, धर्मगुरूच्याच मुलीशी लग्न करायचं. मुलगा नसेल तर जावयाला जागा मिळायची, म्हणजे सासूची आणि मेहुण्यांची सोय व्हायची. चर्चमधली जागा हुंड्यात दिल्यासारखीच जायची. बाहेरच्या शेतकऱ्याच्या पोराला आत शिरायला वाव नाही, आणि आतल्या पोराला मनात नसलं तरी बाहेर पडायला वाट नाही. ही जागांवरची कौटुंबिक मिरास मोडायला सरकारला १८६० च्या दशकाच्या शेवटी कायदे करावे लागले.

ब्रह्मचारी धर्मगुरूंची व्यवस्था हे होऊ देत नाही. तिला दर पिढीला नव्याने, दुसऱ्यांच्या घरांतून माणसं मागून आणावी लागतात. वसईचं उदाहरण घ्या. तिथला आजचा धर्मगुरू कालच्या धर्मगुरूचा मुलगा नसतो, तो कुणा बागायतदाराचा, कोळ्याचा, गिरणीत गेलेल्या माणसाचा मुलगा असतो, आणि त्याच्यानंतर येणारा त्याचा कुणीही नसतो. बदलीचं पत्र आलं की काय घडतं ते जवळून बघण्यासारखं आहे. निरोपाचा कार्यक्रम होतो, शाल-श्रीफळ होतं, दोन-चार म्हाताऱ्या डोळे पुसतात. मग कपड्यांच्या बॅगा आणि पुस्तकांचे खोके एखाद्याच्या टेम्पोत चढतात. कपाट, टेबल, पलंग, देवघरातला क्रूस सगळं जागच्या जागी राहतं, कारण त्यातलं काहीच त्यांचं नसतं. ज्या हॉलसाठी त्यांनी दारोदार फिरून पैसे जमवले, त्याच्या किल्ल्यांचा जुडगा नव्या फादरच्या हातात जातो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्साला वेदीवर वेगळा आवाज असतो. साखर कारखाना, शिक्षणसंस्था, मतदारसंघ, काहीही घ्या. महाराष्ट्रात इतक्या मुकाट्याने किल्ल्या देऊन निघून जाणारी माणसं कितीशी सापडतील?

म्हणून मला वाटतं, धर्मगुरूच्या ब्रह्मचर्याचं मोल त्याच्या देहाच्या शुद्धतेत शोधू नये. ते शोधावं त्याला वारस नसण्यात.

अर्थात पोटचं पोर नाही म्हणून वारसा आपोआप संपतो, असंही नाही. माणूस वाट काढतो. रोममध्ये पोपनी आपल्या पुतण्या-भाच्यांना कार्डिनल करून ठेवण्याची प्रथा इतकी बोकाळली, की बाराव्या इनोसंटना १६९२ साली फर्मान काढून ती रोखावी लागली. केरळच्या संत थॉमस ख्रिस्ती समाजात आर्चडीकनचं मानाचं पद पकलोमट्टम घराण्यात असंच पुतण्याकडे जात असे. काका-पुतण्या हे नातं महाराष्ट्राला समजावून सांगण्याची गरज नाही. गोव्यात तर आणखी एक पेच होता: ब्रह्मचर्याने घराणं तोडलं, जात तोडली नाही. पाद्रीपण दीर्घकाळ बामण आणि चार्डो कुटुंबांतच फिरत राहिलं.

याच गोव्यात एक विलक्षण माणूस होऊन गेला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, संमोहनाचा अभ्यासक म्हणून. त्याचा बाप कायतान व्हितोरीन फारिया आधी सेमिनरीत होता, मग ते सोडून त्याने लग्न केलं. १७५६ साली कांदोळीला मुलगा झाला. पुढे नवरा-बायकोचं पटेना, तेव्हा चर्चच्या परवानगीने दोघं वेगळी झाली. बायको जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका मठात जोगीण झाली आणि नवरा शिक्षण पुरं करून पाद्री. आता या पाद्रीला मुलगा होता. १७७१ साली तो या मुलाला घेऊन लिस्बनला गेला, दरबारी ओळखी काढल्या, पोराला रोमला शिकायला पाठवलं, त्याला दीक्षा मिळवून दिली. राणीपुढे प्रवचन करताना मुलाची बोबडी वळली, तेव्हा बापानेच खालून कोकणीत कुजबुजून त्याला धीर दिला, अशी एक सांगोवांगीची गोष्ट गोव्यात अजून सांगतात. बाप म्हणून त्याने जे केलं ते कुणीही केलं असतं, आणि मुलगा हुशार होता, त्याचं चीज झालं. पण पोटचं पोर असलं की पाद्रीही आधी बाप होतो, हे यातून दिसतं. त्याच काळात कितीतरी गोमंतकीय पाद्री निव्वळ गोरे नाहीत म्हणून बढतीला मुकत होते आणि त्या रागातून पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा १७८७ चा पिंटोंचा कट शिजला. त्यांच्या पाठीशी दरबारात उभा राहायला कुणाचा बाप नव्हता.

वारसापलीकडे आणखी एक बाजू आहे, आणि ती मला रेव्हरंड टिळकांमुळे उमगली. नारायण वामन टिळक कॅथलिक नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे, प्रॉटेस्टंट. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो बायकोला न सांगता. पुढची पाच-एक वर्षं लक्ष्मीबाईंनी लहानग्या मुलाला घेऊन ताटातुटीत काढली. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांचा हात उघडाच. घरात येईल त्याला जेवण, मागेल त्याला पैसे, रस्त्यावर दिसेल त्या पोराला आसरा. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ख्रिस्ती संन्यास पत्करला. टिळक थोर होते यात शंका नाही. पण त्यांच्या प्रत्येक थोर कृत्याचं बिल कुणाच्या नावे फाटत होतं, ते लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पानापानावर कळतं. हसत हसत कळतं, कारण लक्ष्मीबाई तशा लिहिणाऱ्या. पण हसू ओसरलं की रिकामा डबा आणि तान्हं पोर नजरेसमोर राहतं.

संसारी माणसाचा त्याग कधीच एकट्याचा नसतो. त्याने अंगरखा काढून दिला, तर थंडी बायकोलाही वाजते. ब्रह्मचारी धर्मगुरू जे उधळतो ते स्वतःचं असतं. त्याने सत्तेशी वैर घेतलं, कुष्ठरोग्यांच्या बेटावर जाऊन राहिला, धमक्यांना भीक न घालता लिहीत राहिला, तरी त्याची किंमत मोजायला लावण्यासाठी त्याच्या घरी कुणी ओलीस नसतं. कुष्ठरोग्यांची वस्ती असलेल्या हवाईतल्या मोलोकाईला १८७३ साली गेलेल्या फादर डेमियननी तिथेच कुष्ठरोगाने देह ठेवला. त्यांना लेकरं असती तर ते गेलेच नसते असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण त्यांनी जाऊ नये असं म्हणण्याचा हक्क असणारं कुणीतरी घरात असतं. आपल्याकडे वसईच्या हरित पट्ट्यासाठी बिल्डर-राजकारण्यांच्या दहशतीविरुद्ध उभे राहिलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांच्या लढ्याकडे पाहतानाही हा विचार मनात येतो.

पण लक्ष्मीबाईंचंच उदाहरण उलटं फिरवून पाहायला हवं, नाहीतर ही वकिली एकतर्फी होईल. टिळकांच्या घरात त्यांना तोंडावर ‘तुमचं चुकलं’ म्हणणारी एक व्यक्ती होती. ती रुसत होती, भांडत होती, आणि शेवटी तिने सगळं लिहूनही ठेवलं. ब्रह्मचारी धर्मगुरूला असा साक्षीदार नसतो. त्याच्या बंगलीत स्वयंपाकी असतो, सहायक फादर असतात, ‘फादर, फादर’ करणारे लोक असतात. बरोबरीने वागणारं कुणी नसतं. रागाची, दारूची, पैशाच्या मोहाची, एकटेपणाची पहिली चाहूल ज्याला लागावी असं माणूसच नाही. वर्षानुवर्षं कुणी उलट बोललं नाही, की चांगल्या माणसालाही आपण चुकतच नाही असं वाटू लागतं.

याचं भयानक रूप जगाने गेल्या काही दशकांत पाहिलं. अमेरिकी बिशपांनीच करवून घेतलेल्या जॉन जे कॉलेजच्या २००४ च्या अहवालात १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाल्याची नोंद आहे. त्या काळातल्या धर्मगुरूंच्या सुमारे चार टक्के. ऑस्ट्रेलियाच्या चौकशी आयोगाने २०१७ मध्ये सांगितलं की ब्रह्मचर्य हे शोषणाचं थेट कारण नाही, पण इतर गोष्टींच्या जोडीने ते धोका वाढवतं. म्हणून धर्मप्रांतीय धर्मगुरूंसाठी ते ऐच्छिक करण्याचा विचार व्हावा. मुलांवरचे अत्याचार संसारी घरांतही होतात, हे खरं. तेवढ्याने चर्चची सुटका होत नाही. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते बिशपांचं वागणं. एखादा बाप आपल्या गुन्हेगार पोराला पाठीशी घालतो, नेमकं तसंच ते आपल्या धर्मगुरूंना पाठीशी घालत होते. एका गावातून दुसऱ्या गावी बदली करत होते. ज्यांना वारस नव्हता त्यांनी संस्थेलाच लेकरू मानलं. म्हणजे वारसाहक्काचा रोग दारातून हाकलला आणि तो खिडकीतून आत आला. वर मी ज्या बदलीचं कौतुक केलं, तीच बदली इथे गुन्हा लपवण्याचं हत्यार झाली.

तरीही ब्रह्मचर्य मोडीत काढावं, या निष्कर्षाला मी येत नाही. मात्र सक्ती सोडावी, असं मला वाटतं. ॲमेझॉनच्या खोऱ्यात अशा वस्त्या आहेत जिथे महिनोन्‌महिने मिस्सा होत नाही, कारण धर्मगुरूच पोचत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये रोमला भरलेल्या धर्मसभेने तिथल्या विवाहित, जाणत्या डीकनांना दीक्षा देण्याचा मार्ग १२८ विरुद्ध ४१ मतांनी सुचवला. पोप फ्रान्सिसनी फेब्रुवारी २०२० च्या आपल्या लेखनात तो उचलला नाही. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. ज्या चर्चच्या मते ख्रिस्तप्रसाद हा श्रद्धेचा गाभा आणि ब्रह्मचर्य ही शिस्त, त्याने शिस्तीपायी गाभा उपाशी ठेवू नये. शिवाय विवाहित धर्मगुरू शेजारी असेल, तर ब्रह्मचारी धर्मगुरूने आपण होऊन हे पत्करलं आहे, ते अटीपोटी नव्हे, हे लोकांना दिसेल. आज ते दिसत नाही. आज ‘बिचाऱ्याला लग्न करता येत नाही’ एवढंच दिसतं.

फक्त विवाहित धर्मगुरू आले की रशियातला अनुभव विसरू नये. धर्मगुरूच्या मुलाला किंवा जावयाला बापाच्या चर्चमध्ये, शक्यतो बापाच्या धर्मप्रांतातही नेमणूक मिळणार नाही, अशी अट पहिल्या दिवसापासून कायद्यात हवी. आणि अविवाहितांसाठी साक्षीदारांची सोय हवी. सेमिनरीत शिकवायला आणि ‘हा मुलगा लायक नाही’ म्हणायला बायका हव्यात. धर्मगुरूंनी बंगलीत एकेकटं राहण्याऐवजी तिघा-चौघांनी मिळून राहावं. हिशेब पाहणारी आणि तक्रारी ऐकणारी समिती त्यांनीच नेमलेली नसावी.

राहता राहिला प्रश्न म्हातारपणाचा, आणि तो श्रद्धावंतांच्या अंगणात येतो. वसईत किंवा गोव्यात घरातून मुलगा सेमिनरीत निघाला की शेजारणी आईला हळूच विचारतात, पुढे याला बघणार कोण? धर्मप्रांत निवृत्त धर्मगुरूंसाठी निवास बांधतात, औषधपाणी करतात. पण ज्या गावांत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली तिथून तिथे भेटायला कितीजण जातात? वारस नसलेल्या माणसाकडून आपण सगळं घेतो, आपल्या मुलांचे बाप्तिस्मे, आपल्या बापांची अंत्यविधीची मिस्सा, शाळेत प्रवेशाची चिठ्ठीसुद्धा. तेव्हा प्रत्येक धर्मग्रामाच्या वार्षिक अंदाजपत्रकात जशी रंगरंगोटीची आणि सणाच्या मंडपाची रक्कम असते, तशी तिथे सेवा करून गेलेल्या हयात फादरांच्या शुश्रूषेची रक्कम असावी, आणि त्यांच्याकडे आळीपाळीने जाणाऱ्या कुटुंबांची यादी चर्चच्या फलकावर लागावी.